परगावी ताजा पुष्पगुच्छ पाठवायचा आहे: संकेतस्थळावरून मागवावा की तिथल्याच फुलविक्रेत्याला गाठावे?

परगावकर (प्रश्न)

माझी मावशी दुसऱ्या शहरात एकटी राहते आणि पुढच्या महिन्यात तिला सत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्या दिवशी मला तिच्याकडे जाता येणार नाही, म्हणून ताज्या फुलांचा गुच्छ तिला घरपोच मिळावा अशी व्यवस्था करायची आहे.

मागे एका मैत्रिणीला असाच गुच्छ एका संकेतस्थळावरून पाठवला होता. चित्रात फिक्या गुलाबी गुलाबांचा आणि पांढऱ्या लिलींचा भरगच्च गुच्छ होता. मैत्रिणीने आभार मानताना पाठवलेल्या छायाचित्रात मात्र गडद लाल गुलाब, भरीला पुष्कळ हिरवा पाला आणि चमकदार कागदाचे थर एवढेच दिसत होते. भेट कशी होती हे ज्याला दिली त्यालाच खोदून विचारणे प्रशस्त वाटत नाही, त्यामुळे तिच्याकडे विषय काढला नाही. संकेतस्थळाकडे विचारणा केली तेव्हा त्यांनी ‘उपलब्धतेनुसार फुलांत बदल होऊ शकतो’ या अटीकडे बोट दाखवले आणि विषय संपवला.

या वेळी मावशीच्या शहरातल्याच एखाद्या फुलविक्रेत्याकडे थेट मागणी नोंदवावी असा विचार आहे. पण दुकान पाहिलेले नसताना ते कसे निवडावे, त्याला नेमके काय सांगावे आणि काय त्याच्यावर सोडावे, हे मला कळत नाही. फुले निदान आठवडाभर टिकावीत अशी इच्छा आहे. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हिशेबी

आधी हा व्यवहार चालतो कसा ते पाहू, म्हणजे तुमच्या मैत्रिणीच्या गुच्छाचे काय झाले असावे याचा अंदाज येईल. परगावी फुले पाठवताना फुले प्रवास करत नाहीत, मागणी प्रवास करते. ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे: जर्मनीत 1908 साली फ्लेरोप या फुलविक्रेत्यांच्या जाळ्याची सुरुवात झाली आणि 1910 साली अमेरिकेतल्या काही फुलविक्रेत्यांनी एकमेकांच्या मागण्या तारेने कळवण्यासाठी संघटना उभी केली. पुढे 1946 मध्ये अमेरिकी, ब्रिटिश आणि युरोपीय संघटनांनी मिळून इंटरफ्लोरा हे जाळे तयार केले. त्या मूळ पद्धतीत मागणी घेणाराही फुलविक्रेता असे आणि पुरी करणाराही, त्यामुळे ग्राहकाला शब्द देताना आपण काय बोलतो आहोत हे त्याला ठाऊक असे.

आज मात्र मागणी घेणाऱ्यांपैकी अनेकांचे दुकानच नसते. ते चित्रे दाखवून पैसे घेतात, आपली दलाली कापतात आणि उरलेली रक्कम तुमच्या मावशीच्या शहरातल्या एखाद्या दुकानाकडे वळती करतात. जुन्या संघटनांच्या पद्धतीतसुद्धा मागणी घेणाऱ्या दुकानाला साधारण 20 टक्के मिळत आणि मधल्या संस्थेचा वाटा वेगळा असे. म्हणजे प्रत्यक्ष गुच्छ बांधणाऱ्याच्या हाती ग्राहकाने दिलेल्या रकमेच्या पाऊणपटीच्या आसपासच काय ते उरे. दुकान नसलेल्या मध्यस्थांच्या बाबतीत सेवाशुल्क, घरपोच शुल्क वगैरे निराळे आकारूनही हाच हिस्सा आणखी घटू शकतो. गुच्छ बांधणाऱ्याने मग चित्र पाहून बांधावे की हाती आलेल्या रकमेत बसेल तसे बांधावे? तो दुसरेच करतो, आणि त्यात त्याला दोष देता येत नाही.

त्यामुळे थेट दुकान गाठण्याचा तुमचा विचार योग्यच आहे. अडचण एवढीच की शोधयंत्रात शहराचे नाव घालून शोधल्यावर वर दिसणारी ‘स्थानिक’ दुकाने पुष्कळदा याच मध्यस्थांची असतात: नाव त्या शहराचे, फोन क्रमांकही त्या शहराचा वाटेल असा, आणि उचलणारा भलत्याच ठिकाणी बसलेला. नकाशावर दुकानाचा नेमका पत्ता आणि रस्त्यावरून घेतलेली, ग्राहकांनी टाकलेली छायाचित्रे दिसतात का ते पाहावे. त्यानंतर फोन करून एकच प्रश्न विचारावा, “आज तुमच्याकडे कोणती फुले चांगली आली आहेत?” खरे दुकान असेल तर बोलणारा मान वळवून बादल्यांकडे बघतो आणि सांगतो की शेवंती उत्तम आहे, जरबेरा आज घेऊ नका, लिली अजून घट्ट कळीत आहेत. मध्यस्थ असेल तर तो तुम्हाला गुच्छाचा क्रमांक विचारतो.

कात्री-सुतळी

मी फुलांचे दुकान चालवते, त्यामुळे दुकानाच्या आतल्या बाजूने लिहिते. वरच्या प्रतिसादातला शेवटचा प्रश्न अगदी योग्य आहे. ग्राहकाने तो विचारला की आम्हालाही बरे वाटते, कारण तिथून बोलणे चित्रावरून हटून मालावर येते.

आम्हाला चार गोष्टी सांगा: एकूण रक्कम किती आणि त्यात घरपोच पोहोचवणे धरले आहे का, निमित्त काय आणि व्यक्ती कोण, कोणते रंग चालतील, आणि काय अजिबात नको. फुलांची नावे सांगण्याचा आग्रह शक्यतो धरू नका. ‘मावशी सत्तर वर्षांच्या होत आहेत, त्यांना शांत रंग आवडतात, पिवळा चालेल, तीव्र वासाची फुले नकोत, गुच्छ आठवडाभर टिकावा’ एवढे वाक्य मिळाले तर चांगला फुलविक्रेता त्या दिवशीच्या मालातून जे बांधेल ते तुम्ही चित्रावरून निवडलेल्या गुच्छापेक्षा जवळजवळ नेहमीच सरस असेल. चित्रातली नेमकी फुले मागितली की हंगाम नसलेला, लांबून आलेला, बादलीत जास्त दिवस राहिलेला माल वापरण्याची पाळी येते. हेही लक्षात घ्या की स्थानिक दुकान म्हणजे स्थानिक फुले नव्हेत. माझ्याकडचा गुलाब केनियातून किंवा इक्वेडोरमधून आलेला असू शकतो आणि वाटेत त्याने घाऊक लिलावात उतरती किंमत दाखवणारे घड्याळही पाहिलेले असू शकते. स्थानिक असतात ते त्याला देठ कापून, पाने काढून, रात्रभर थंड जागेत पाणी पाजणारे हात.

बदलाच्या अटीबद्दल तुमची तक्रार रास्त आहे, तरी ती अट आम्हालाही लागते, कारण सकाळी बाजारात काय येईल हे आदल्या दिवशी कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. उपाय असा की बदलाची दिशा आधीच ठरवून घ्यावी. ‘फूल बदलले तरी चालेल, रंग बदलू नका’ असे लिहून दिलेत तर फिक्या गुलाबीच्या जागी गडद लाल येणार नाही; गुलाब नसतील तर त्याच छटेची कार्नेशन किंवा लिझिअँथस येतील. बांधून झाल्यावर छायाचित्र पाठवा असेही आधीच सांगून ठेवा. बहुतेक दुकाने हल्ली ते आनंदाने करतात, आणि छायाचित्र पाठवायचे आहे हे माहीत असले की गुच्छ बांधणाऱ्याचा हात आपोआप सढळ होतो. (हे लिहिल्याबद्दल व्यवसायबंधूंनी माफ करावे.)

टिकण्याबद्दल. शेवंती आणि कार्नेशन दोन-तीन आठवडे सहज राहतात, अल्स्ट्रोमेरियाही दोन आठवड्यांच्या आसपास जातात. गुलाब चांगल्या प्रतीचे आणि नीट हाताळलेले असतील तर आठवडाभर, क्वचित त्याहून थोडे अधिक. ट्यूलिप पाच-सात दिवसांचे पाहुणे, शिवाय ते फुलदाणीतही वाढत राहतात आणि उजेडाकडे वळतात, त्यामुळे आखीव रचना हवी असणाऱ्यांची निराशा करतात. मला स्वतःला त्यांचे ते वाकणे आवडते, पण ग्राहकाला आधी सांगावे लागते. म्हणून मिश्र गुच्छ मागा: गुलाब मावळले की ते काढून टाकता येतात आणि शेवंती, अल्स्ट्रोमेरिया यांचा लहानसा गुच्छ पुढे चालू राहतो.

गुलाबांबद्दल एक गैरसमज इथेच दूर करते, कारण त्यावरून आम्हाला फार बोलणी खावी लागतात. गुलाबाच्या अगदी बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या पुष्कळदा जाडसर, हिरवट किंवा तपकिरी कडांच्या असतात. त्या कळीचे रक्षण करतात म्हणून आम्ही त्या वाहतुकीत तशाच ठेवतो. त्या शिळेपणाची खूण नव्हेत, आणि हलक्या हाताने तळापासून ओढल्या की निघून येतात. ताजेपणा पाहायचा तर कळी देठाशी जिथे जोडलेली असते तिथे दोन बोटांनी अलगद दाबावे. घट्ट लागली तर फूल ताजे. मऊ, पोकळ लागली तर ते फार दिवस उमलून बसलेले आहे. परगावाहून तुम्हाला हे करता येणार नाही, पण ‘गुलाब अर्धवट उमललेलेच द्या’ असे सांगता नक्की येते. पूर्ण घट्ट कळ्याही मागू नका. फार लवकर कापलेली कळी कधीकधी उमलतच नाही, मानेत वाकते आणि तशीच सुकते.

मागणी निदान चार-पाच दिवस आधी द्या आणि व्हॅलेंटाइन दिन किंवा मातृदिन यांच्या लगतच्या तारखा असतील तर आणखी आधी. त्या दिवसांत आम्ही एरवीच्या कित्येक पटींनी गुच्छ बांधत असतो आणि ‘जरा विचार करून बांधा’ या विनंतीला वेळच नसतो.

देठाजवळ

वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी म्हणून थोडी भर घालतो. गुच्छ किती टिकेल याचा निम्मा निकाल तो मिळाल्यानंतरच्या पहिल्या तासात लागतो, म्हणून मावशींना काही सूचना कळवता आल्या तर पाहा.

कापलेल्या देठात पाणी वर नेणाऱ्या नलिका उघड्या पडतात आणि देठ हवेत राहिला की त्यांत हवेचे बुडबुडे शिरतात. शिवाय पाण्यात जिवाणू वाढले की त्याच नलिका तुंबतात. गुलाबाची किंवा जरबेराची मान ताजी असतानाही खाली पडते ती बहुधा यामुळेच. फुलदाणी पाण्याने भरलेली असते आणि फूल तहानलेले. म्हणून धारदार सुरीने किंवा कात्रीने देठाचा खालचा दोन-तीन सेंटिमीटर भाग तिरका कापून तो लगेच पाण्यात ठेवावा, पाण्याच्या पातळीखाली एकही पान राहू देऊ नये, आणि दर दोन दिवसांनी पाणी बदलून देठ पुन्हा किंचित कापावेत. जरबेराला मात्र उथळ पाणी द्यावे, कारण त्याचा लवदार देठ खोल पाण्यात कुजतो.

गुच्छासोबत मिळणारी पूड फेकून देऊ नये. तिच्यात साधारणपणे साखर, पाणी आम्लधर्मी करणारा घटक आणि जिवाणूंना रोखणारा घटक असे तिन्ही असतात. घरी नुसती साखर घातली तर फुलांआधी जिवाणूंचीच चंगळ होते. देठाचे टोक ठेचण्याचा जुना सल्लाही पाळू नये, कारण त्याने नलिका चेपतात.

फुलदाणी पिकत्या फळांच्या शेजारी ठेवू नये. पिकणारी फळे इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि कार्नेशनसारखी फुले त्याला फार संवेदनशील असतात. त्यांच्या पाकळ्या आत वळतात आणि काल उमललेले फूल आज झोपी गेल्यासारखे दिसते. उत्पादक काही फुलांवर चांदीच्या संयुगाची प्रक्रिया करून हा परिणाम रोखतात, पण ती झाली आहे की नाही हे आपल्याला दिसत नाही. फुलदाणी उन्हापासून आणि वाऱ्याच्या थेट झोतापासूनही लांब ठेवलेली बरी. रात्री फ्रिजमध्ये ठेवण्याचा मोह होतो. गुलाब, कार्नेशन यांना 1 ते 4 अंश सेल्सिअस मानवते, तरी घरच्या फ्रिजमध्ये फळे असतात, म्हणजे पुन्हा इथिलीन आलेच. अँथुरियमसारखी उष्ण प्रदेशातली फुले तर 12 अंशांच्या खाली काळवंडतात.

दूरदेशी

सगळेच थेट दुकानाची बाजू घेत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी ज्या देशांत फुले पाठवतो तिथली भाषा मला येत नाही, घड्याळ उलटे आहे आणि तिथली लहान दुकाने परदेशी कार्ड स्वीकारत नाहीत. अशा वेळी जुन्या, नावाजलेल्या साखळीमार्फत मागणी देणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो, आणि दलालीच्या बदल्यात काही तरी मिळतेच: दुकानाने काम नीट केले नाही तर तक्रार ऐकणारी तिसरी संस्था असते, गुच्छ पोहोचला नाही तर दुसरे दुकान शोधण्याची जबाबदारी तिची असते. हिशेबी यांनी दलालीचा हिशेब मांडला तो बरोबर आहे, पण हा खर्च वाया जातो असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. फक्त अशा ठिकाणी चित्रातला विशिष्ट गुच्छ न निवडता ‘फुलविक्रेत्याच्या पसंतीने’ हा पर्याय असतो तो निवडावा. परगावकर यांच्या बाबतीत भाषा, चलन आणि वेळ यांपैकी एकही अडचण दिसत नाही, तेव्हा त्यांनी थेटच जावे.

परगावकर

सर्वांचे मनापासून आभार. हिशेबी यांनी सुचवलेला प्रश्न विचारून दोन ठिकाणी फोन केले. पहिल्या ठिकाणी खरोखरच गुच्छाचा क्रमांक विचारला गेला. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी मात्र त्या दिवशीची फुले सांगितली आणि मलाच विचारले की मावशींकडे फुलदाणी आहे का. हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

आता दोन शंका. मावशीच्या बोटांना संधिवात आहे. देठ कापणे, पाणी बदलणे तिला जड जाईल. तिच्यासाठी स्पंजमध्ये खोचलेली तयार रचना पाठवावी की गुच्छच पाठवावा? दुसरे असे की तिच्याकडे मांजर आहे आणि ते टेबलावरच्या प्रत्येक वस्तूचा वास घेऊन पाहते. याने काही फरक पडतो का?

कात्री-सुतळी

मांजराने फरक पडतो, आणि फार पडतो. लिली अजिबात पाठवू नका. खऱ्या लिलींचा आणि डे लिलीचा प्रत्येक भाग मांजरांना विषारी असतो. पान चघळले, अंगावर सांडलेले पराग चाटले किंवा फुलदाणीतले पाणी प्यायले तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि तातडीने उपचार झाले नाहीत तर मांजर दगावते. आम्ही लिलीचे परागकोश चिमटीने काढून देतो ते कपड्यांवर आणि पाकळ्यांवर डाग पडू नयेत म्हणून. त्याने मांजराचा धोका टळत नाही. दुकानदाराला ‘घरात मांजर आहे, लिली नको’ हे शब्दशः लिहून द्या, कारण लिली हे बदली म्हणून वापरले जाणारे नेहमीचे फूल आहे. ट्यूलिप, शेवंती आणि कार्नेशनसुद्धा मांजराने खाल्ल्यास पोट बिघडवू शकतात, तेव्हा मांजर नुसता वास न घेता चघळणारे असेल तर गुलाब, लिझिअँथस, स्नॅपड्रॅगन आणि जरबेरा यांवर भर द्यायला सांगा. अल्स्ट्रोमेरियाला काही जण पेरूची लिली म्हणतात; तिने लिलीसारखे मूत्रपिंडाचे नुकसान होत नाही, तरी पोट किंचित बिघडू शकते.

आता स्पंजबद्दल. 1954 मध्ये बाजारात आलेल्या या हिरव्या स्पंजाने आमचे काम सोपे केले हे खरे, पण तो प्लॅस्टिकचाच प्रकार आहे, चुरा होऊन मातीत आणि पाण्यात राहतो, आणि त्यातल्या रचनेला रोज वरून पाणी घालावे लागते. एकदा कोरडा पडला की तो पुन्हा नीट भिजत नाही आणि सगळी फुले एकदम माना टाकतात. संधिवात असलेल्या व्यक्तीला रोजची ती दक्षता मुळीच सोपी नाही.

त्यापेक्षा त्या बाईंना सर्पिल पद्धतीने हातात बांधलेला गुच्छ काचेच्या फुलदाणीतच बसवून, पाणी घालून पाठवायला सांगा. या पद्धतीत सगळे देठ एकाच दिशेने तिरके लावत जातात आणि बांध एकाच ठिकाणी येतो, त्यामुळे गुच्छ न सोडता तसाच उचलता येतो, फुलदाणीतले पाणी ओतता येते आणि तो पुन्हा जसाच्या तसा आत ठेवता येतो. फुलदाणी रुंद बुडाची आणि मध्यम आकाराची असावी. उंच, निमुळती फुलदाणी पाण्याने भरली की जड होते, आणि मांजराचा धक्का लागून पडते तीही हीच. फुलदाणीचे पैसे वेगळे पडतील, त्या बदल्यात फुले थोडी कमी झाली तरी चालतील असे सांगून टाका. देठ पुन्हा कापण्याची काळजी करू नका. दुकानातून नीट कापून, पूड घातलेल्या पाण्यात निघालेला गुच्छ नुसते पाणी बदलत राहिले तरी आठवडा काढेल.

घरपोच देण्याची वेळही आत्ताच ठरवा. मावशींचा फोन क्रमांक दुकानाला द्या, पण तो फक्त दार उघडले गेले नाही तरच वापरावा असे सांगा, नाहीतर पोहोचवणारा निघण्यापूर्वी फोन करतो आणि तुमचे गुपित तिथेच फुटते. त्या सकाळी बाहेर जाणार असतील तर शेजारचे एक घर सांगून ठेवा; बंद दारासमोर उन्हात ठेवलेल्या गुच्छाचे काय होते ते मी पुष्कळदा पाहिले आहे.

कार्डावरचा मजकूर फोनवर सांगू नका, लिहून पाठवा, आणि मजकुराच्या शेवटी स्वतःचे नाव घाला. ते राहून जाण्याचे प्रमाण तुम्हाला वाटेल त्याहून बरेच जास्त आहे. मग फुले मिळालेली व्यक्ती दुकानात फोन करून विचारते की कोणी पाठवली, आणि आम्हाला आधी पाठवणाऱ्याची परवानगी घ्यावी लागते.